लिपिरूप-परिवर्तन, संगणकीय

लिपिरूप-परिवर्तन, संगणकीय : संगणकावर लिहिलेल्या मजकुरातील वर्णांचे मोठ्या लिपीतून लहान लिपीत किंवा लहान लिपीतून मोठ्या लिपीत रूपांतर करण्याची क्रिया. रोमन लिपीतील प्रत्येक वर्णाला दोन रूपे असतात. वाक्याच्या व विशेषनामाच्या आरंभी येणारे ते मोठे रूप आणि इतरत्र येणारे ते लहान रूप होय. मराठी शाळांतून या रूपांना अनुक्रमे ‘पहिली लिपी’ व ‘दुसरी लिपी’ असेही म्हणत आले आहेत. दोन्ही रूपांचा उच्चार एकच असतो व शब्दाचा अर्थही सामान्यतः बदलत नाही. त्यामुळे एका रूपाच्या जागी दुसरे आणण्याचे काम यंत्राकडे निर्धास्तपणे सोपविता येते, असे मानले जाते. इंग्रजी गद्याच्या बाबतीत हा समज बहुतांशी खरा आहे. मराठी मजकूर, रोमन वर्णांत लिहिलेली मराठी नावे आणि शास्त्रीय चिन्हे यांच्या बाबतीत मात्र तो खरा नाही. तेथे वर्णाचे रूप बदलताच पुष्कळदा वर्णच बदलतो. प्रस्तुत नोंदीत ही क्रिया, तिची यंत्रणा व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. उदाहरणे पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या लगतच्या तालुक्यांतील घेतली आहेत. कारण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख, ड, ण व ळ हे वर्ण असलेली ग्रामनामे आणि आधुनिक रेडिओ दुर्बीण या तिन्ही गोष्टी तेथे जवळजवळ आढळतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन रोमन शिलालेखांत वर्णांचे एकच, म्हणजे आजचे मोठे रूप दिसते. हस्तलेखनात वेग यावा म्हणून त्याची गोलसर व जोडता येण्याजोगी रूपे निर्माण झाली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात जी सुबक लहान लिपी प्रचारात आली, तीच आजच्या लहान लिपीची पूर्वज होय. पुढे ही दोन्ही रूपे एकाच लेखनपद्धतीत एकत्र नांदू लागली व त्यांच्या वापराचे नियम ठरत गेले. इंग्रजीत विशेषनामे, तर जर्मनमध्ये सर्वच नामे मोठ्या वर्णाने आरंभ होतात. इंग्रजीत या रूपांना असलेली नावे मुद्रणालयातून आली आहेत. हाताने जुळणी करताना मोठ्या लिपीचे खिळे वरच्या केसमध्ये व लहान लिपीचे खालच्या केसमध्ये ठेवीत, यावरून ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ या संज्ञा रूढ झाल्या.

रोमनखेरीज ग्रीक, सिरिलिक, आर्मेनियन व आणखी काही थोड्या लिप्यांत असा भेद आहे. अरबी लिपीत वर्णाचे रूप शब्दातील त्याच्या स्थानानुसार बदलते. परंतु तो मोठ्या-लहान लिपीचा भेद नव्हे. ब्राह्मी व तिच्यापासून निघालेल्या भारतीय लिप्यांत हा भेद मुळातच नाही. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख असो, जुन्नरच्या परिसरातील लेण्यांमधील दानलेख असोत, मराठी दप्तरांतील मोडी असो वा आजची देवनागरी असो, या सर्वांत वाक्याचे पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच दर्जाचे असते. देवनागरीच्या खिळेजुळाऱ्यालाही कित्येक खण सांभाळावे लागत. पण त्यांत पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे व मात्रा असत, एकाच अक्षराची मोठी व लहान रूपे नसत. [⟶ देवनागरी लिपी, ब्राह्मी लिपी, मोडी लिपी].

विशेषनाम ओळखण्याची खूण लिपीत नसल्यामुळे मराठी वाचक ते संदर्भावरून ओळखतो. आंबेगाव तालुक्यात पेठ आणि लोणी या नावांची गावे आहेत, तर जुन्नर तालुक्यात मढ नावाचे गाव आहे. ‘पेठेत गेला’ या वाक्यातील पेठ म्हणजे बाजार की गाव, हे अक्षराच्या आकारावरून कळत नाही. इंग्रजी मजकुरातील नावे हुडकताना मोठ्या आद्यवर्णाचा आधार घेणाऱ्या संगणकीय पद्धती मराठीस जशाच्या तशा लागू पडत नाहीत, याचे एक कारण हेच आहे.

रूपांतराची यंत्रणा : तारयंत्राच्या काळातील पाच घटकांच्या संकेतात केवळ ३२ संयोग उपलब्ध असल्याने त्यात दोन लिपिरूपांना जागा नव्हती. आरंभीच्या संगणकांचे कामही बहुधा एकट्या मोठ्या लिपीवर चाले. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरविण्यात आलेल्या ‘आस्की’ या सात अंकी संकेतात प्रथम मोठी लिपीच होती. लहान लिपीचा समावेश १९६७ च्या आवृत्तीत झाला. तीत मोठ्या वर्णांना ६५ ते ९० व लहान वर्णांना ९७ ते १२२ हे क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक जोडीतील अंतर ३२ आहे. उदा., जुन्नर हे नाव रोमनमध्ये लिहिताना येणाऱ्या मोठ्या ‘जे’चा क्रमांक ७४, तर लहान ‘जे’चा १०६ आहे. द्विमान पद्धतीत हे क्रमांक अनुक्रमे १००१०१० व ११०१०१० असे होतात. म्हणजे डावीकडून दुसरा एकच अंक बदलला की लिपिरूप बदलते. ही मांडणी हेतुपूर्वक केलेली असल्यामुळे रूपांतराची क्रिया अत्यंत सोपी व जलद होते. आयबीएम कंपनीच्या ‘एबसिडिक’ या संकेतात हेच अंतर ६४ असून तेथे मोठ्या वर्णाचा क्रमांक अधिक असतो.

मात्र ३२ चे अंतर वर्णांपुरतेच मर्यादित नाही. चौकोनी कंसाचा क्रमांक ९१ व महिरपी कंसाचा १२३ आहे. म्हणून आधी चिन्ह वर्णांच्या पल्ल्यात येते की नाही हे तपासून मगच रूपांतर करावे लागते. जेथे ही तपासणी गाळली जाते तेथे कंस व इतर चिन्हेही बदलून जातात.

मजकूर-संपादक प्रणालींत ही सोय आरंभापासून आहे. १९७६ च्या सुमारास निर्माण झालेल्या ‘व्हीआय’ या संपादकात नागमोडी चिन्हाची कळ दाबली असता दर्शकाखालील वर्णाचे रूप उलटते. त्याच काळातील ‘ईमॅक्स’मध्ये संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत, लहान लिपीत किंवा केवळ आद्यवर्ण मोठा करून लिहिण्याच्या स्वतंत्र आज्ञा आहेत. ‘वर्ड’ या प्रणालीत शिफ्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास निवडलेला मजकूर एकापाठोपाठ एक रूपे घेतो. सामान्यतः पाच प्रकार आढळतात : सर्व वर्ण मोठे, सर्व वर्ण लहान, वाक्याचा पहिला वर्ण मोठा, प्रत्येक शब्दाचा पहिला वर्ण मोठा आणि आहे त्याच्या उलट.

यांपैकी शेवटचा प्रकार वगळता इतर क्रिया उलट करता येत नाहीत. संपूर्ण मजकूर लहान लिपीत आणल्यावर मुळात कोणता वर्ण मोठा होता ही माहिती नष्ट होते. संपादकातील ‘पूर्ववत’ करण्याची आज्ञा मजकूर जतन करून संपादक बंद करेपर्यंत साहाय्यभूत होते; नंतर मूळ प्रतीवाचून उपाय राहत नाही.

भाषापरत्वे अडचणी : एका मोठ्या वर्णास एक लहान वर्ण, हा नियम युरोपीय भाषांतही सर्वत्र टिकत नाही. जर्मनमधील संयुक्त ‘एस’चे मोठ्या लिपीत परंपरेने दोन ‘एस’ होतात व शब्दाची लांबी वाढते. त्यासाठी स्वतंत्र मोठा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली व जर्मनच्या अधिकृत लेखननियमांत २०१७ साली आला. तुर्कीत टिंबासहित व टिंबाविना असे दोन ‘आय’ असून त्यांच्या जोड्या इंग्रजीहून भिन्न आहेत. ग्रीकमधील एका वर्णाचे लहान रूप शब्दाच्या अंती वेगळे होते. तात्पर्य, मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे ठाऊक असल्याशिवाय रूपांतर अचूक होत नाही.

मराठी मजकूर आणि जुने टंक : युनिकोड या सर्वलिपी संकेताच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. ब्राह्मी त्यात २०१० साली व मोडी २०१४ साली आली. या तिन्ही लिप्यांतील अक्षरांना ‘लिपिरूप नसलेले वर्ण’ असा गुणधर्म दिलेला असल्यामुळे युनिकोडमधील मराठी मजकुरावर रूपांतराची आज्ञा दिल्यास काहीच घडत नाही. आणि काही न घडणे हेच येथे योग्य होय.

जुन्या पद्धतीच्या टंकांत परिस्थिती वेगळी आहे. १९८० नंतरच्या दशकांत संगणकावर मराठी मुद्रण सुरू झाले, तेव्हा अनेक टंकांत रोमन वर्णांच्या क्रमांकांवरच देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली होती. पडद्यावर मराठी दिसे. पण संगणकाच्या लेखी तो रोमन वर्णांचाच समूह असे. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरील मांडणीत साधारणपणे साध्या कळीवर पूर्ण अक्षर व शिफ्टसह अर्धे अक्षर येते. ‘कृतिदेव’ या टंकात जुन्नर हे नाव पाच संकेतांनी लिहिले जाते. त्यांतील तिसरा, म्हणजे अर्ध्या ‘न’चा, मोठा ‘यू’ असून चौथा, म्हणजे पूर्ण ‘न’चा, लहान ‘यू’ आहे. या मजकुरास लहान लिपीत आणण्याची आज्ञा दिली की दोन्ही ‘न’ पूर्ण होतात आणि जुन्नरचे ‘जुननर’ होते. याच टंकात ‘ड’ मोठ्या ‘एम’वर व ‘उ’ लहान ‘एम’वर आहे, त्यामुळे आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेल्या घोडेगावातील ‘डे’च्या जागी उकारावर मात्रा चढलेले एक निरर्थक अक्षर येते. मंचर हे नाव केवळ लहान वर्णांनी लिहिले जात असल्याने त्या आज्ञेतून सुटते, परंतु मोठ्या लिपीच्या आज्ञेत तेही टिकत नाही. अशा रीतीने एकाच यादीतील काही नावे बिघडतात व काही शाबूत राहतात. सगळीच यादी अवाचनीय झाली असती तर चूक तत्काळ लक्षात आली असती. थोडी नावे बदलल्याने ती सहज नजरेतून निसटते.

युनिकोडमधील मराठीलाही एका मार्गाने धोका संभवतो. ‘यूटीएफ-८’ या प्रचलित साठवण पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन घटक लागतात व त्यांतील पहिला घटक नेहमी २२४ असतो. पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या आठ अंकी संकेतात २२४ हा क्रमांक स्वरचिन्हयुक्त लहान ‘ए’चा असून त्याचे मोठे रूप १९२ आहे. मजकुराची पद्धत न ओळखता एकेक घटक सुटा घेणाऱ्या जुन्या आज्ञावलीने त्यावर मोठ्या लिपीची क्रिया केली, तर २२४ च्या जागी १९२ येतो. हा अंक यूटीएफ-८ मध्ये कोठेच ग्राह्य नाही. परिणामी संपूर्ण मजकूर वाचण्यास अयोग्य होतो.

शिफ्ट कळीविषयीचा एक गैरसमजही येथे नोंदविणे आवश्यक आहे. भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात साध्या कळीवर ‘क’ व शिफ्टसह ‘ख’, तसेच ‘ल’ व ‘ळ’, ‘म’ व ‘ण’ अशा जोड्या आहेत. ही एकाच अक्षराची दोन रूपे नव्हेत. कळीची बचत एवढाच या जोड्यांचा हेतू असून संगणकात त्यांचे क्रमांक स्वतंत्र असतात.

रोमन लिप्यंतरातील प्रश्न : संस्कृत व मराठी मजकूर साध्या रोमन कळफलकाने लिहिता यावा म्हणून ‘आयट्रान्स’सारख्या लिप्यंतर पद्धती प्रचारात आल्या. त्यांत वर्णांची उणीव लिपिरूपांच्या साहाय्याने भरून काढलेली आहे. लहान ‘डी’ म्हणजे द, मोठा ‘डी’ म्हणजे ड. लहान ‘एन’ म्हणजे न, मोठा ‘एन’ म्हणजे ण. लहान ‘एल’ म्हणजे ल, मोठा ‘एल’ म्हणजे ळ. लहान ‘ए’ म्हणजे अ, मोठा ‘ए’ म्हणजे आ. आणि मोठा ‘एम’ म्हणजे अनुस्वार. अर्थात येथे लिपिरूप हे लेखनाचे अलंकरण नसून उच्चाराचे चिन्ह आहे.

याचे परिणाम कुकडी प्रकल्पातील पाच धरणांच्या नावांवरून स्पष्ट होतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही ती नावे असून, योगायोगाने प्रत्येकात ड, ण वा ळ यांपैकी एक तरी वर्ण आहे. आयट्रान्समधील ही यादी लहान लिपीत आणून पुन्हा देवनागरीत रूपांतरित केली असता ती येदगव, मनिकदोह, वदज, पिम्पलगव जोगे व दिम्भे अशी मिळते. पाचांपैकी एकही नाव शाबूत राहत नाही. डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले व तालुक्याच्या नावात आणि कागदोपत्री तेवढे ते उरले. अशा गावांच्या बाबतीत लिखित नाव हाच पुढील पिढ्यांसाठी पुरावा असतो. म्हणून नावातील एका वर्णाचा फरकही क्षुल्लक समजता येत नाही.

व्यवहारातील रोमन लेखनात, उदा., रस्त्यांवरील फलकांत, हा भेद मुळातच दाखविलेला नसतो. तेथे ड व द एकाच ‘डी’ने लिहितात, त्यामुळे लिपिरूप बदलल्याने अधिक हानी होत नाही, पण मूळ उच्चारही मिळत नाही. विद्वानांच्या लेखनात मान्य असलेली, वर्णाखाली टिंब व स्वरावर आडवी रेघ देण्याची पद्धत या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली लिप्यंतर पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. उच्चारभेद टिंबाने दाखविल्यामुळे लिपिरूप मोकळे राहते व टिंबासहित वर्ण मोठा केला तरी टिंब कायम राहते.

शिलालेखांचे संपादन : जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखसंग्रहात जुन्नरचे लेख आहेत. या लेखांची रोमन वाचने संगणकावर घेताना दोन प्रकारची दक्षता घ्यावी लागते. पहिली उच्चाराची. पाण्याच्या टाक्यासाठी या लेखांत ‘पोढि’ हा शब्द येतो. आयट्रान्समध्ये त्यातील ‘ढ’साठी मोठा ‘डी’ वापरतात. तो लहान झाल्यास ‘पोधि’ असे वाचन होते व प्राकृत भाषेच्या अभ्यासकासमोर नसलेले रूप उभे राहते.

दुसरी दक्षता अर्थाची. ब्राह्मीत विशेषनामाची खूण नसल्यामुळे रोमन वाचनात एखाद्या शब्दाचा आद्यवर्ण मोठा करणे हा संपादकाचा निर्णय असतो, मूळ लेखाचा भाग नसतो. जुन्नरच्या तीन लेखांत इरिल, चिट व चंद या यवन दात्यांची नावे आली आहेत. पहिल्या दोघांच्या नावांबरोबर ‘गत’ हा शब्द आहे. नॉर्वेजियन विद्वान स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये त्याचा संबंध यूरोपातील गॉथ लोकांशी जोडला. परंतु हे मत सर्वमान्य झाले नाही. ‘गत’ शब्दाचा आद्यवर्ण मोठा लिहिणे म्हणजे ते एखाद्या समाजाचे वा कुळाचे विशेषनाम आहे असे ठरविणे होय. लहान लिहिणे म्हणजे तो प्रश्न खुला ठेवणे होय. प्रत्येक शब्दाचा आद्यवर्ण मोठा करणारी आज्ञा अशा वाचनावर चालविल्यास टाके, मंडप, संघ हे सामान्य शब्दही विशेषनामे बनतात व संपादकाचे विचारपूर्वक घेतलेले सर्व निर्णय एका क्षणात पुसले जातात.

शास्त्रीय चिन्हे : जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची विशाल मीटर-तरंगलांबी रेडिओ दुर्बीण असून तीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. रेडिओ ज्योतिषशास्त्रात लिपिरूपाला निश्चित अर्थ असतो. मोठा ‘एम’ हे दशलक्षपट दर्शविणाऱ्या ‘मेगा’चे, तर लहान ‘एम’ हे सहस्रांश दर्शविणाऱ्या ‘मिलि’चे चिन्ह आहे. क्षीण रेडिओ उद्‌गमांची तीव्रता मिलिजान्स्की या एककात मांडतात. कोष्टकाचा मथळा सुबक दिसावा म्हणून तो मोठ्या लिपीत आणला, तर मिलिजान्स्कीचे मेगाजान्स्की होते व प्रत्येक आकडा वाचकास एक अब्ज पटीने मोठा भासतो. ग्रहताऱ्यांच्या नामकरणातही असाच संकेत आहे : ताऱ्याचा जोडीदार तारा मोठ्या वर्णाने, तर त्याच्याभोवतीचा ग्रह लहान वर्णाने दर्शवितात. खगोलीय माहितीच्या देवाणघेवाणीसाठी १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने मान्य केलेल्या ‘फिट्स’ या स्वरूपात शीर्षभागातील संज्ञा केवळ मोठ्या लिपीत व जास्तीत जास्त आठ चिन्हांच्या असाव्या लागतात, तर एककांची चिन्हे मूळ रूपातच ठेवावी लागतात. [⟶ रेडिओ ज्योतिषशास्त्र].

उपयोग व दक्षता : या मर्यादा असल्या, तरी ही क्रिया निरुपयोगी नव्हे. चुकून मोठ्या लिपीत लिहिला गेलेला इंग्रजी परिच्छेद पुन्हा न लिहिता सुधारणे, मथळे एकसारखे करणे व याद्यांतील नावे एका पद्धतीत आणणे ही कामे तिच्यामुळे सुलभ होतात. शोध घेताना संगणक दोन्ही मजकूर तात्पुरते एका रूपात आणून तुलना करतो. म्हणून आंबेगाव हे नाव रोमनमध्ये कोणत्याही रूपात लिहिले तरी सापडते. या तुलनेत मूळ मजकुरास धक्का लागत नाही, हा तिचा विशेष होय. क्रमवारी लावतानाही असे एकरूपीकरण आवश्यक असते. एरवी संकेतक्रमांकानुसार सर्व मोठे वर्ण आधी व लहान वर्ण नंतर येऊन यादी विस्कळीत होते.

मराठी मजकूर हाताळताना प्रथम तो युनिकोडमध्ये आहे की जुन्या टंकात आहे हे पाहावे. जुन्या टंकातील मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा व त्यानंतरच संपादनाच्या आज्ञा द्याव्यात. आयट्रान्ससारख्या लिप्यंतरास, एककांच्या चिन्हांस व शिलालेखांच्या वाचनांस ही आज्ञा देऊ नये. देणे अपरिहार्य असल्यास मूळ प्रत वेगळी राखून प्रत्येक बदल ताडून पाहावा. दोन रूपे एकाच वर्णाची आहेत की दोन वेगळ्या वर्णांची, याचा निर्णय संगणक केवळ क्रमांकांवरून करू शकत नाही. तो मजकूर जाणणाऱ्यानेच करावयाचा असतो.